उत्तर तीरावरचे साडेसव्वीस गुण

गेल्या फेब्रुवारीत एका सोमवारी देऊळगाव राजा आणि नांदुरा येथील दोन संगणकांनी एकाच मुलाची आणि एकाच मुलीची पत्रिका जुळवून पाहिली. जन्मतारखा त्याच होत्या, जन्मवेळा त्याच, जन्मगावे तीच, प्रोग्रॅमही एकच. देऊळगाव राजाच्या संगणकाने छत्तीसपैकी साडेसव्वीस गुण दिले. नांदुऱ्याच्या संगणकाने तेरा दिले आणि खाली लाल अक्षरांत 'एकनाड', म्हणजे दोघांची नाडी एकच हा दोष, असे लिहिले. लग्न ठरायला किमान अठरा लागतात.

मुलगी रसिका, चिखलीच्या एका शाळेत गणित शिकवते. तिचे वडील नानागुरुजी देऊळगाव राजाला पौरोहित्य करतात, आणि तेथला संगणक त्यांचा. मुलगा निखिल नांदुऱ्याचा. नांदुऱ्याचा संगणक निखिलच्या घरचे पुरोहित जोशीबुवा यांचा. निखिलच्या आई कुसुमताई यांनी अट घातली: दोन्ही संगणक एक आकडा सांगतील तेव्हाच साखरपुडा. कोणता आकडा, हे त्यांनी सांगितले नव्हते. कोणी विचारलेही नव्हते.

नानागुरुजींचा भाचा मंदार पुण्यात माझा शेजारी आहे. तो प्रोग्रॅम लिहितो आणि पत्रिका मानत नाही. मात्र एकच माहिती दिल्यावर दोन यंत्रे दोन उत्तरे देतात, हे त्याला पत्रिकेपेक्षा अधिक लागले. त्याच आठवड्यात तो निघाला. गाडी चालवायला आणखी एक माणूस हवा होता. वर्तमानपत्रातून निवृत्त झाल्यापासून मला रजा मागावी लागत नाही, म्हणून मी गेलो.

देऊळगाव राजा

नानागुरुजींचे घर बालाजीच्या देवळामागच्या गल्लीत आहे. संगणक देवघराशेजारच्या खोलीत, भरतकामाच्या झाकणाखाली होता. त्याच्या पेटीवर दसऱ्याचे कुंकू होते. पुण्यात पाहुण्याला चहा घेणार का, असे विचारतात. येथे विचारत नाहीत; कप येतो, आणि तो संपला की दुसरा येतो.

मंदार चपला काढता काढताच संगणकाकडे वळला.

"हातपाय धू आधी," नाना म्हणाले. "कंप्युटर कुठं पळून चालला नाही. पळायला लागलंय ते लग्न."

जेवायला वरणफळे होती. मंदारने ताटावरच उपाय समजावून सांगितला. तो येथे थोडक्यात देतो, कारण पुढचे सगळे त्यावर अवलंबून आहे.

"मामा, संगणकात सगळे प्रोग्रॅम एकाच कोठीतलं सामान वापरतात. एकासाठी कोठीतला डबा बदलला, की दुसऱ्याचा स्वयंपाक बिघडतो. त्याला पत्ताही लागत नाही."

"डबा बदलतं कोण?"

"अपडेट."

"घरात न विचारता?" मामींनी विचारले.

"न विचारता."

मामींनी नानांकडे पाहिले. नाना वरणफळांकडे पाहत होते.

मंदार म्हणाला, की गणितातल्या फंक्शनला ठरावीक गोष्टी दिल्या की ठरावीक उत्तर येते, आज द्या की उद्या. प्रोग्रॅम तयार करून यंत्रावर बसवणे हेही तसेच करता येते. आत काय काय जाणार ते आधी लिहायचे, मग बंद खोलीत तेवढेच न्यायचे. "खोलीत नेट नाही, घड्याळ नाही, आपण कुठं आहोत याचा पत्ता नाही. तेच सामान, तीच कृती, म्हणजे वस्तूही तीच. पुण्यात बनवा की नांदुऱ्यात."

"म्हणजे सोवळं," नाना म्हणाले.

"सोवळं नाही मामा. फंक्शनल."

"बाहेरचं काही आत येत नाही?"

"नाही."

"मधे कुणी शिवत नाही?"

"नाही."

"अर्धवट असताना चाखून बघता येतं का?"

"पूर्ण झाल्याशिवाय नाही."

"मग आमच्याकडं याला दुसरं काय म्हणतात ते सांग."

मंदारने दुसरे वाढून घेतले. दुसऱ्या दिवसापासून तोही सोवळेच म्हणू लागला.

तयार झालेल्या वस्तूला एक लांबलचक नाव मिळते. ते तिच्या सगळ्या सामानावरून गणित करून काढतात. अक्षरे आणि आकडे यांची ती एक ओळ असते. अर्थ काही नसतो. सामानातली एक गोष्ट बदलली तरी नाव बदलते, आणि नाव तेच असेल तर वस्तू तीच. नवी वस्तू जुनीवर लिहिली जात नाही, शेजारी ठेवली जाते. नवी पटली नाही तर जुनीवर परत जाता येते. हा शेवटचा मुद्दा नानांना विशेष आवडला. यजमानांच्या बाबतीत अशी सोय नसल्याचे त्यांनी सांगितले.

सकाळी काम सुरू झाले. पत्रिकेचा प्रोग्रॅम लहान होता, पण या पद्धतीत तो स्वतःचे सगळे सामान बरोबर आणतो. जेवायला एका माणसाला बोलवावे आणि त्याने घरून गॅस, भांडी आणि पाटा-वरवंटा घेऊन यावे, तसे झाले. घरात नेट बोलण्यापुरते पोचत होते, एवढ्या सामानाला पुरत नव्हते. गच्चीवर पुरत होते. तेथे खाटेवर मामींच्या मूगवड्या वाळत होत्या. मंदारने फोन खाटेच्या कोपऱ्यात ठेवला आणि त्याच्या नेटवर खालचा संगणक जोडला. थोड्या वेळाने कावळे आले, म्हणून मामींनी वड्यांवर जुने पातळ पसरले. फोन त्याखाली गेला. डाउनलोड थांबले नाही. फोन बाहेर काढला तेव्हा त्याच्या पाठीला वडी चिकटली होती. ती अजून पूर्ण निघालेली नाही.

दुपारी पडद्यावर नाव उमटले. नानांनी चष्मा लावला.

"पहिलं अक्षर काय?"

"के."

"के म्हणजे पुनर्वसू. चांगलं नक्षत्र आहे."

मंदार गुण काढून पाहायला निघाला. नानांनी त्याचा हात धरला. "थांब. नैवेद्य आधी चाखायचा नाही. उद्या सगळ्यांसमोर, दोन्हीकडं एकदम."

मंदारची पद्धतीवर खात्री होती. त्याने चाखले नाही.

चिखली

मामी देऊळगावच्या संगणकापाशी थांबल्या. नाना आमच्याबरोबर निघाले. चिखलीत रसिकाला घ्यायचे होते. बाजारसमितीच्या रस्त्यावर तुरीची पोती भरलेल्या गाड्या आणि जीपवाले यांच्यात आमची गाडी अडकली, तेव्हा रसिकाच चालत आली. तिने आम्हाला नाश्त्याला नेले. पुण्यात ज्याला बटाटावडा म्हणतात त्याला येथे आलुबोंडा म्हणतात, आणि तो रश्श्यात बुडवून देतात. मंदारने तो कोरडा मागितला. दुकानदाराने त्याची तब्येत विचारली.

"आमचं दोघांचं ठरून दोन वर्षं झाली," रसिका म्हणाली. "आता आमच्या कंप्युटरांचं ठरायचं राहिलंय."

कुसुमताईंची अट का, हे तिनेच सांगितले. त्यांच्या थोरल्या मुलाचे लग्न पत्रिका न पाहता झाले आणि मोडले. त्यानंतर त्या कॅलेंडर पाहिल्याशिवाय भाजीही चिरत नाहीत, असे निखिलचे म्हणणे. भाजीबाबत दुजोरा मिळाला नाही.

"निखिल म्हणतो, सोड, नोंदणी करून मोकळं होऊ," ती म्हणाली. "मी नाही म्हणाले. रोज त्या घरात ताटावर बसायचंय मला. त्यांनी माझ्याकडं बघितलं की त्यांना तेरा दिसणार. दूध नासलं तरी तेरा, लाइट गेली तरी तेरा."

"तेरा येणार नाहीत," मंदार म्हणाला.

"आले तर?"

"दोन्हीकडं एकच येईल एवढं नक्की."

"मी ते नाही विचारलं," रसिका म्हणाली. मंदार रश्श्याकडे पाहत होता. नाना म्हणाले, की आलुबोंडा थंड होऊ लागला आहे.

घाटाखाली

या जिल्ह्यात माणसाचे गाव विचारण्याआधी तो घाटावरचा की घाटाखालचा, हे पाहतात. बुलढाण्याहून राजूर घाट उतरला की हवा तापते, जमीन काळी आणि सपाट होते, आणि 'मला'चे 'मले' होते. मोताळ्याच्या पुढे वेचणी संपलेल्या कपाशीची पळाटी, म्हणजे वाळलेली झाडे, उभी होती. एका ठिकाणी मंदारने नांदुऱ्याचा रस्ता विचारला. "काऊन चालले नांदुऱ्याले?" असा प्रतिप्रश्न आला. मंदारने खरे कारण सांगितले. त्या गृहस्थांनी पूर्ण ऐकून घेतले, स्वतःच्या पुतण्याचे गुण सांगितले आणि मग रस्ता दाखवला.

नांदुरा

त्या दिवशी पौर्णिमा होती आणि कुसुमताईंकडे सत्यनारायण होता. पूजेला जोशीबुवा यायचेच होते. ते ऑटोतून आले आणि मांडीवर संगणक घेऊन आले. चौरंगाच्या एका बाजूला केळीचे खांब आणि कलश, दुसऱ्या बाजूला पाटावर संगणक, अशी मांडणी झाली. निखिलने पडद्याला हार घालण्याचा प्रयत्न केला. त्याच्या आईने त्याला थांबवले.

जोशीबुवा आणि नानागुरुजी एकमेकांना ओळखतात. पत्रिकेचा प्रोग्रॅम जोशीबुवांनी नानांकडूनच नेला होता. आता दोघे एकमेकांशी बोलताना मंदारकडे पाहत होते.

"पोरीच्या बापाच्या कंप्युटरनं पोरीले गुण द्याचे, हे कुठं बसते शास्त्रात?" जोशीबुवांनी मंदारला विचारले.

"यांना सांग, कंप्युटरला पोरगी नसते," नानांनी मंदारला सांगितले.

मंदारने लॅपटॉपवरून सगळे सामान जोशीबुवांच्या संगणकावर उतरवले. नाव उमटले. फोनच्या पडद्यावर मामी होत्या. त्यांनी देऊळगावचे नाव एकेक अक्षर मोठ्याने वाचले आणि जोशीबुवांनी येथले तपासले. मधल्या एका अक्षरावरून वाद झाला. मामींना ते शून्य वाटत होते, जोशीबुवांना 'ओ'. या नावांत 'ओ' वापरतच नाहीत, असे मंदारने सांगितल्यावर तो मिटला. नावे जुळली.

"आता दोन्हीकडं एकदम," मंदार म्हणाला. "मामी, दाबा."

देऊळगावच्या पडद्यावर तेरा आले. नांदुऱ्याच्या पडद्यावर तेरा आले. दोन्हीकडे खाली लाल अक्षरांत 'एकनाड'.

"झालं," कुसुमताई म्हणाल्या. "एक झाले दोन्ही. मी हेच म्हनलं होतं." त्यांच्या आवाजात आनंद नव्हता. त्यांनी रसिकाकडे पाहिले आणि लगेच कलशाकडे पाहू लागल्या.

रसिकाने मंदारकडे पाहिले.

"पद्धत बरोबर आहे," मंदार म्हणाला. "आकडा चुकलाय."

"पद्धत बरोबर अन् आकडा चूक?" निखिल म्हणाला. "असं कसं बे? आधी एकाच गावात चूक होतं, तू दोन्हीकडं करून ठेवलं!"

वस्तुस्थिती तशीच होती. मंदारने मामींना सांगून देऊळगावचा संगणक जुन्या स्थितीवर परत नेला. ते एका आज्ञेत झाले. मामींनी पुन्हा बटण दाबले. साडेसव्वीस.

"हाव, दिसलं मले," कुसुमताई म्हणाल्या. "पोरीच्या मायनं बटन दाबलं का साडेसव्वीस, अन् इथं तेरा. आता तुमीच सांगा, मी काय समजू?"

जोशीबुवांनी मुहूर्त टळत असल्याचे सांगितले. कुसुमताई आणि त्यांचे यजमान पाटावर बसले. मंदार भिंतीला टेकून लॅपटॉपमध्ये शोधत होता. रसिका त्याच्या शेजारी बसली होती आणि दर थोड्या वेळाने विचारत होती, "मिळालं?" तो मान हलवत होता.

जोशीबुवांनी संकल्प सुरू केला. ज्यांनी तो लक्ष देऊन ऐकलेला नाही त्यांच्यासाठी: पूजेआधी आपण कोण, कोठे, कोणत्या वर्षी, कोणत्या तिथीला हे कर्म करतो आहोत ते सगळे उच्चारून पाणी सोडायचे असते. खंड, देश, आणि महाराष्ट्रात असाल तर गोदावरीचा कोणता काठ, तेही. जोशीबुवा वेगात होते. "गोदावर्याः दक्षिणे तीरे..."

"उत्तरे," नाना म्हणाले.

जोशीबुवा थांबले. आता त्यांनी प्रथमच सरळ नानांकडे पाहिले. "काय?"

"उत्तरे तीरे. तुम्ही नांदुऱ्यात बसलाय."

"मी पुण्याच्या पाठशाळेत शिकलो. तिथं असंच सांगत."

"पुणं गोदावरीच्या दक्षिणेला आहे, तिथं बरोबर. नांदुरा उत्तरेला. नकाशा आणू का?"

"मी आजवर हाच संकल्प सांगून राह्यलो!"

"तेच म्हणतोय. आजवर."

पाटावरून कुसुमताई वळल्या. "म्हंजे माह्या साऱ्या पूजा गंगेपल्याड गेल्या काय?"

याचे उत्तर येण्याआधी मंदार उठला. तो जोशीबुवांच्या संगणकासमोर जाऊन बसला.

"बुवा, तुमच्या संगणकाचं घड्याळ कोणत्या गावचं आहे?"

"कोणत्या म्हंजे? भिंतीवरच्या घड्याळाशी मिळवलं आहे. मीच मिळवलं."

पडद्यावरची वेळ अचूक होती. मंदारने आत उघडून दाखवले. संगणकाला आपण इंग्लंडात ग्रीनिचला आहोत असे वाटत होते. दुरुस्त करणाऱ्याने तसे ठेवले असावे; कोणी, ते कळले नाही. वेळ मागे दिसली म्हणून जोशीबुवांनी गाव न बदलता काटे हाताने पुढे केले होते. त्यामुळे घड्याळ नांदुऱ्याचे दिसत होते आणि होते ग्रीनिचचे.

बाकीचे मंदारने उभ्यानेच सांगितले. पत्रिकेचा प्रोग्रॅम जन्मवेळ घेतो, पण ती कोणत्या देशाची वेळ, हे विचारत नाही. ज्या यंत्रावर असेल त्याचे गाव गुपचूप धरतो. देऊळगावच्या यंत्राला भारत माहीत होता, म्हणून साडेसव्वीस. नांदुऱ्याच्या यंत्राने दोघांचेही जन्म साडेपाच तास उशिरा धरले. निखिलचे नक्षत्र तेच राहिले, पण रसिकाचा चंद्र तेवढ्यात रोहिणीतून मृगात गेला, आणि एकनाड झाली. मंदारच्या बंद खोलीत तर गावच नव्हते. गाव सांगितले नाही तर यंत्र ग्रीनिच धरते. म्हणून दोन्हीकडे तेरा.

"सोवळ्यात सगळं सामान आणलं," तो म्हणाला, "पण आपण कुठं बसलोय तेच सांगितलं नाही."

"संकल्प सोडला नाहीस," नाना म्हणाले.

"नाही सोडला."

"मंग सोड ना लवकर," कुसुमताई म्हणाल्या. "आमचा अर्धा झाला आहे."

मंदारने सामानाच्या यादीत एक ओळ वाढवली: भारतीय प्रमाणवेळ. देशोदेशीच्या वेळांचे कोष्टकही त्याने यंत्राचे न घेता खोलीत स्वतःचे नेले. फोनवरून तीच ओळ मामींना लिहायला सांगितली. मामी म्हणाल्या, की वड्या उलटायच्या आहेत, तेव्हा एकदाच नीट सांग. नवे नाव तयार झाले. ते आठ या आकड्याने सुरू होत होते. नानांनी नक्षत्र सांगायला तोंड उघडले आणि मिटले.

नावे पुन्हा जुळली. दोन्ही बटणे दाबली. साडेसव्वीस आणि साडेसव्वीस.

"थांबा," कुसुमताई म्हणाल्या. "मघा तेरा-तेरा होतं, तवाही तुमी नावं जुळली म्हनत होते. हे खरं कशावरून?"

माझ्या मते त्या दिवसातला हा सर्वांत नेमका प्रश्न होता. रसिका उठली आणि भिंतीवरच्या कॅलेंडरपाशी गेली.

"हे मानता ना तुम्ही?"

"ते तं छापलेलं आहे," कुसुमताई म्हणाल्या.

कॅलेंडरवर त्या दिवशी दुपारपर्यंत आश्लेषा आणि नंतर मघा, असे छापले होते. रसिकाने पहिल्या सोवळ्यात, म्हणजे जुन्या नावाच्या प्रोग्रॅममध्ये, त्याच दिवसाची सकाळची वेळ घातली. जुने पुसलेले नव्हते, म्हणून हे करता आले. त्याने मघा सांगितले. मग नव्या नावाच्या प्रोग्रॅममध्ये तीच वेळ घातली. त्याने आश्लेषा सांगितले.

कुसुमताई पाटावरून उठल्या, कॅलेंडरच्या चौकोनावर बोट ठेवून वाचले, पडद्यावर वाचले, आणि परत येऊन बसल्या.

"साडेसव्वीस तं साडेसव्वीस," त्या म्हणाल्या. "बुवा, पहिल्यापासून सांगा. अन् काठ नीट पाहून."

जोशीबुवांनी संकल्प पहिल्यापासून सांगितला. काठ आला तेव्हा त्यांनी नानांकडे पाहिले नाही.

जेवायला रोडगे होते. कणकेचे गोळे थरावर थर देऊन गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजतात, फोडतात आणि वर तूप ओततात. बरोबर वांग्याची भाजी आणि वरण. घाटावर ते क्वचित करतात आणि आपले चांगले होतात असे म्हणतात. घाटाखाली ते मान्य नाही. मंदारने तीन खाल्ले आणि परतीची गाडी मी चालवली.

कुसुमताई रसिकाला वाढत होत्या. "तुले येते काय रोडगे?"

"नाही," रसिका म्हणाली. "निखिलले येते काय?"

निखिलच्या वडिलांना ठसका लागला. कुसुमताईंनी रसिकाच्या पानात आणखी एक रोडगा ठेवला आणि त्यावर तूप ओतत राहिल्या, ती पुरे म्हणेपर्यंत.

निघण्यापूर्वी मंदारने जोशीबुवांच्या संगणकाचे गाव ग्रीनिचवरून भारत केले. हाताने पुढे केलेले काटे तसेच राहिले. आम्ही घाट चढत असताना जोशीबुवांचा फोन आला. ऊन असतानाच संगणकात रात्र झाल्याचे त्यांनी कळवले. मंदारने त्यांना काटे मागे घ्यायला सांगितले. "कोणत्या काठावरून?" असे जोशीबुवांनी विचारले. तो विनोद होता की प्रश्न, हे स्पष्ट झाले नाही.

साखरपुडा चिखलीत झाला. दोन्ही पुरोहित हजर होते. संकल्प जोशीबुवांनी सांगितला. 'उत्तरे तीरे' हे शब्द त्यांनी दोनदा उच्चारले.